जुन्या भिंतींतील विष आणि आपले कर्तव्य

(मुंबईतील एका बुद्ध विहारात वर्षावासाच्या व्याख्यानमालेत झालेले भाषण)



या विहारात बोलण्याचे निमंत्रण मला मिळाले, तेव्हा कोणता विषय घ्यावा असा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. त्रिशरण, पंचशील व आर्य अष्टांगिक मार्ग यांविषयी आपण येथे दर रविवारी ऐकता, आणि माझ्याहून अधिकारी व्यक्तींच्या मुखाने ऐकता. मी आज धुळीविषयी बोलणार आहे. विहारात धुळीवर भाषण कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु सभा सुरू होण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारला होता : आपल्यापैकी कोणाच्या घरी गवंडी, बिगारी, रंगारी, नळकाम करणारा किंवा पाडकामावर जाणारा माणूस आहे? जे हात वर झाले ते मोजण्यापेक्षा जे झाले नाहीत ते मोजणे मला सोपे गेले. ज्या घरी सायंकाळी धुळीने माखलेला माणूस परत येतो, त्या घराला धम्म सांगावयाचा तर त्या धुळीविषयी बोलणे भागच आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व आपल्या लाखो बांधवांना दिली. आपणांपैकी काही कुटुंबे त्या दिवसापासून बौद्ध आहेत. काहींनी गेल्या एकदोन वर्षांतच दीक्षा घेतली आहे. दोघांनाही एक गोष्ट ठाऊक आहे. दीक्षेच्या कितीतरी आधीपासून बाबासाहेब आपणांस सांगत होते, की मेलेली गुरे ओढू नका. ते काम आपल्या वाट्यास कसे आले होते? आपल्याला ते आवडत होते म्हणून नव्हे. गावाला नको असलेली घाण कोणीतरी वाहून न्यावी लागते, आणि ती वाहणारा गावकुसाबाहेर राहात होता, म्हणून. आपण ते काम सोडले. गाव रागावला, बहिष्कार पडले, तरीही सोडले. आज मला आपणांस विचारावयाचे आहे ते हे : शहराला नको असलेली घाण आज कोण वाहतो? जुनी इमारत मोडकळीस येते, तेव्हा तिच्या पोटात शिरून ती फोडतो कोण, आणि तिच्या पोटातील विष कोणाच्या छातीत जाते?

जुन्या इमारतीच्या पोटात काय असते?

मुंबई हे जुन्या इमारतींचे शहर आहे. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा व पुनर्रचनेचा कायदा झाला, तेव्हा एकट्या मूळ शहरात उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांतील हजारो आजही उभ्या आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. आपल्या समाजाच्या कितीतरी पिढ्या तेथे वाढल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ज्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या इमारतीही गेल्या काही दशकांत पाडल्या गेल्या. शहर जुने पाडून नवे उभारीत आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. दहा फुटांच्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाला मोठे घर मिळावे, हे न्याय्यच आहे. परंतु पाडकाम हे बांधकामापेक्षा निराळे काम आहे. बांधताना आपण काय रचतो ते दिसते. पाडताना पन्नास-शंभर वर्षांपूर्वी कोणी काय रचून ठेवले ते ठाऊक नसते.

तीन पदार्थांची ओळख मी करून देतो.

पहिला ॲस्बेस्टॉस. हे नाव अपरिचित वाटले तरी वस्तू परिचयाची आहे. ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्या जुन्या नागमोडी पत्र्यात सिमेंटबरोबर सुमारे दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असतो. पावसाचे पाणी उतरविणारे जुने सिमेंटचे नळ, गच्चीवरील काही जुन्या टाक्या, छताखालचे तक्ते, गिरणीतील बाष्पनलिकांभोवती गुंडाळलेली जाड आवरणे, या सर्वांत तो वापरला गेला. तो एक खनिज दगड आहे; पण त्याचे वैशिष्ट्य असे की कापसासारखे त्याचे तंतू निघतात. तो जळत नाही, कुजत नाही, म्हणून त्याची मागणी होती. हाच गुण माणसाच्या फुप्फुसात गेल्यावर दोष ठरतो. केसाहूनही कितीतरी बारीक असे त्याचे तंतू श्वासाबरोबर आत जातात, आणि तेथेही ते जळत नाहीत व कुजत नाहीत. शरीर त्यांच्याशी वर्षानुवर्षे झगडते व त्या झगड्यात फुप्फुस कठीण होत जाते. त्या रोगास ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग होतो. आणि फुप्फुसाच्या व पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा एक दुर्धर कर्करोग होतो. सर्व प्रकारचा ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा स्पष्ट निर्णय आहे.

पत्रा अखंड असतो तोवर त्यातील बहुतेक तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. घणाचा घाव बसला, ग्राइंडर लावला, वरून खाली फेकून चुरा केला, की ते मोकळे होतात. म्हणजे धोका वस्तूत जितका आहे तितकाच काम करण्याच्या रीतीत आहे. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

दुसरे विष शिसे. आपल्या घरात पूर्वी दगडाच्या देवाला शेंदूर फासला जाई. तो मूळचा शेंदूर म्हणजे शिशाचीच भस्मरूप भुकटी. तोच शेंदूर तेलात कालवून लोखंडी तुळयांवर व गजांवर गंज चढू नये म्हणून लावीत. दारे-खिडक्यांच्या पांढऱ्या तैलरंगातील सफेता हाही शिशाचाच. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम २०१६ साली झाला. त्यापूर्वीच्या रंगाचे थरांवर थर जुन्या दारांवर आजही आहेत. रंगारी ते कोरडेच घासतो, गॅसकटरवाला रंगासकट तुळई कापतो, आणि शिसे धूळ व धूर होऊन शरीरात जाते. पोटात कळा येतात, हातापायांतील शक्ती जाते, रक्त कमी होते. लहान मुलांच्या शरीरात ते थोडेसे गेले तरी मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आपल्या मुलांनी शिकावे म्हणून आपण पोटाला चिमटा घेतो. आणि त्यांच्या बुद्धीचा हा शत्रू आपल्याच सदऱ्यावर बसून घरी येतो.

तिसरा पदार्थ म्हणजे दगड, वाळू व काँक्रीट यांतील सिलिका. ब्रेकर यंत्राने काँक्रीट फोडताना जो पांढरा ढग उठतो, त्यातील जी धूळ डोळ्यांना दिसते ती कमी घातक. जी दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. त्या रोगाचे नाव सिलिकोसिस. त्याने झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. आणि ज्यास सिलिकोसिस आहे त्यास क्षयरोग जडण्याचा संभवही अधिक असतो.

एका गिरणी कामगार स्त्रीची हकीकत

ही माहिती जगाला काल-परवा झाली, असे समजू नका. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे गाव आहे. आपल्या गिरणगावासारखेच तेही गिरण्यांचे गाव. तेथे नेली केरशॉ नावाची एक कामगार स्त्री ॲस्बेस्टॉसचे सूत काढण्याच्या कारखान्यात काम करीत होती. बारा वर्षांची असल्यापासून ती गिरणीत जात होती. १४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती श्वास कोंडून मरण पावली. आजारपणात तिने मालकाकडे मदत मागितली. ती मिळाली नाही. विल्यम कूक या वैद्यांनी तिच्या फुप्फुसाची तपासणी करून त्यात खनिजाचे कण दाखविले व त्याच वर्षी ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे १९३० साली सरकारी चौकशीचा अहवाल आला आणि १९३१ साली इंग्लंडात नियम झाले.

हे नियम झाले, पण ते मुख्यतः कारखान्यासाठी. जो माणूस तेच ॲस्बेस्टॉस इमारतीत नेऊन नळांभोवती लिंपीत होता आणि जो पुढे ते उखडीत होता, तो या संरक्षणाबाहेर राहिला. कायदा कारखान्याच्या दारापर्यंत आला व तेथेच थांबला. दाराबाहेरच्या माणसाचे काय झाले, हे १९६० च्या दशकात न्यूयॉर्क येथील डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी दाखविले. इमारतींत हे आवरणाचे काम करणाऱ्या कामगारांची त्यांनी संघटनेच्या नोंदवह्यांवरून तपासणी केली, तेव्हा त्यांच्यातील फुप्फुसाच्या रोगांचे व कर्करोगाचे प्रमाण पाहून वैद्यकीय जग हादरले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सत्य उघड झाले, कारण कामगारांच्या संघटनेने कोण केव्हा कामास लागला याची नोंद ठेवली होती. नोंद नसती तर ती माणसे नुसतीच मेली असती.

आणि भगिनींनो, ही गोष्ट खास तुमच्यासाठी. १९६५ साली लंडनमधील मेसोथेलिओमाच्या ७६ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी नऊ जणांनी ॲस्बेस्टॉसच्या कामाला कधी हातही लावला नव्हता. त्यांच्या घरातील कोणी ते काम करीत होते, एवढाच त्यांचा संबंध. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, आणि त्यांची हकीकत साधारण एकच होती : नवऱ्याचे कामाचे कपडे त्या घरी झटकून धूत असत.

कायद्याचे गावकूस

आता आपल्या देशाकडे वळू. ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवावी, आणि रोगग्रस्त कामगारास एक लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. चाळीस वर्षे कशासाठी? कारण हा रोग वीस, तीस, चाळीस वर्षे दडून राहतो. पंचविशीत घेतलेला श्वास साठीत जीव घेतो.

हा निकाल थोर आहे. परंतु आदेश दिला गेला तो ॲस्बेस्टॉसच्या खाणींना व कारखान्यांना. जो कामगार सकाळी नाक्यावर उभा राहतो, ज्यास मुकादम बोट दाखवून टेंपोत बसवितो, जो आज भायखळ्यास पत्रे उतरवितो व उद्या कुर्ल्यास भिंत फोडतो, त्याची चाळीस वर्षांची नोंद कोण ठेवणार? त्याची चाळीस दिवसांचीही नोंद नाही. तो कोणाचाच कामगार नाही. रॉचडेलच्या कायद्याप्रमाणे येथेही संरक्षण कारखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबले. दाराच्या आत कामगार, दाराबाहेर मजूर. आत नोंदवही, बाहेर रोजंदारी. गावकूस म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. रेषा कोठेही ओढली तरी आपण तिच्या बाहेरच्या बाजूस कसे सापडतो, हा आपल्या इतिहासाचा अनुभव आहे. जुनी रेषा मातीची होती. नवी रेषा कागदाची आहे.

जगातील साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. इंग्लंडने ती १९९९ साली घातली. आपल्या देशात सरसकट बंदी नाही. परदेशातून आयात होते व नवे पत्रे चढविले जातात. म्हणजे आजच्या जुन्या इमारती पाडून झाल्या तरी प्रश्न संपणार नाही. आज जो पत्रा चढेल, तो आपली नातवंडे उतरवतील.

धुळीची वाटणी

काही सुशिक्षित माणसे म्हणतात, की धूळ जात पाहात नाही. खरे आहे. धूळ जात पाहात नाही. पण धुळीचे काम वाटणारा जात पाहतो. मुंबईच्या गिरण्यांचाच दाखला घ्या. विणकाम खात्यात मजुरी चांगली होती, पण तेथे अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. का? धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेले सूत इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आमच्या ओठांनी सूत विटाळते, ही चिंता सर्वांना होती. आमच्या फुप्फुसात काय जाते, ही चिंता कोणालाच नव्हती.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. पाडकामाच्या जागी हे दोन्ही शत्रू एकत्र भेटतात. धूळ उडू न देण्यास पाणी लागते, अवजारे लागतात, वेळ लागतो, म्हणजे पैसा लागतो. तो वाचविणे हा एका शत्रूचा स्वभाव. आणि ज्याच्या जिवाची किंमत समाजाने आधीच कमी धरली आहे त्यालाच पुढे ढकलणे, हा दुसऱ्याचा.

बाबासाहेब १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले. दिल्लीत बसून कागद पाहता आले असते. त्यांना जागा पाहावयाची होती. कामगारांच्या आरोग्याचा व शक्तीचा दुरुपयोग होऊ नये यासाठी राज्याने आपले धोरण आखावे, असे आपल्या घटनेचा ३९ वा अनुच्छेद सांगतो. आणि ४२ वा अनुच्छेद कामाच्या न्याय्य व माणुसकीच्या परिस्थितीविषयी सांगतो. ही वाक्ये ज्यांच्यासाठी लिहिली गेली ते आपण आहोत.

हे नशीब नव्हे

बंधुभगिनींनो, आपल्या वस्त्यांतून काय घडते ते आठवा. पन्नाशीचा माणूस जिना चढताना धापा टाकू लागतो. छाती दुखते, खोकला हटत नाही. डॉक्टर क्षय समजून औषध देतात. सहा महिने औषध होते, गुण येत नाही. पुन्हा तेच औषध. शेवटी शेजारी म्हणतात, त्याच्या नशिबातच होते. एखादी म्हातारी म्हणते, गेल्या जन्मीचे भोग.

आपण बौद्ध आहोत. गेल्या जन्मीच्या भोगाची ही भाषा आपण दीक्षाभूमीवर टाकून आलो. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे तथागतांचे सांगणे. ते असेल तर हे होते; ते नाहीसे झाले तर हेही नाहीसे होते. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द पाठ करणे अवघड आहे. पण तो समजून घ्यावयाचा तर पाडकामाच्या जागेइतकी चांगली शाळा नाही. पत्रा फोडला, तंतू उडाले, श्वासात गेले, रोग झाला. पत्रा ओला करून, बोल्ट सोडवून अखंड उतरविला. तंतू उडाले नाहीत. रोगाची वाट अडली. यात नशीब कोठे आहे? जो मुकादम म्हणतो, की इतकी वर्षे लोक हेच करीत आले, कोणाला काही झाले नाही, त्याच्याही म्हणण्याची परीक्षा करा. त्याला विचारा : वीस वर्षांपूर्वी तुमच्याबरोबर पत्रे फोडणारी माणसे आज कोठे आहेत?

काय करावे?

कामावर. कोरडे फोडू नका; आधी पाण्याने भिजवा. पाण्यासारखे स्वस्त औषध दुसरे नाही. सिमेंटचा जुना पत्रा घणाने फोडू नका, ग्राइंडरने कापू नका, वरून फेकू नका, अखंड उतरवा. कोरडा झाडू मारू नका. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवीत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा योग्य प्रतीचा मुखवटा लागतो, आणि तो पुरविणे हे काम करवून घेणाऱ्याचे काम आहे. उतरविलेल्या पत्र्याचे तुकडे झोपडीला, मोरीला किंवा रस्त्यातील खड्ड्याला वापरू नका. विडी सोडा. ही केवळ शीलाची गोष्ट नव्हे. १९७९ साली सेलिकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की दोन्हींपासून दूर असलेल्या माणसाच्या तुलनेने ॲस्बेस्टॉसच्या कामगारास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट असतो, धूम्रपान करणाऱ्यास सुमारे अकरापट, आणि दोन्ही करणाऱ्यास पन्नासपटीहून अधिक.

घरी. कामाचे कपडे कामावरच बदलता आले तर बदला. न जमल्यास दाराबाहेर उतरवा, झटकू नका, ओले करून निराळ्या बादलीत धुवा. आंघोळ केल्यावाचून मुलास कडेवर घेऊ नका. हे सांगताना मला क्लेश होतात, कारण दिवसभर राबून आलेल्या बापाकडे मूल धाव घेते तो क्षण त्याच्या दिवसातील एकच सुखाचा क्षण असतो. परंतु दहा मिनिटे उशीर झाला म्हणून प्रेम कमी होत नाही.

दवाखान्यात. डॉक्टर विचारो वा न विचारो, आपण काय काम करतो, किती वर्षे करतो, ते सांगा आणि कागदावर लिहावयास लावा. एक्स-रे जपून ठेवा. रंगकाम किंवा गॅसकटिंग करणाऱ्याने रक्तातील शिशाची तपासणी होते का, ते विचारावे.

कचेरीत. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदे झाले. आता त्यांतील विषय २०२० च्या संहितांत आले असून त्या नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहेत. अठरा ते साठ वर्षांच्या ज्या कामगाराने मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, त्यास कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. त्या मंडळाचा पैसा बांधकाम खर्चावरील उपकरातून येतो. कोणाचा उपकार नव्हे, आपल्याच घामाचा तो हिस्सा आहे. ॲस्बेस्टॉसिस, सिलिकोसिस, मेसोथेलिओमा व शिशाची विषबाधा हे भरपाईस पात्र असे व्यवसायजन्य रोग म्हणून कायद्याने मानले आहेत. परंतु शंभर ठिकाणी काम केलेल्या मजुरास रोग कोणाकडे जडला, हे सिद्ध करणे दुरापास्त असते.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि आजच्या भाषणातील तीच मुख्य होय. या विहारात एक वही ठेवा. प्रत्येक कामगाराचे एक पान. कोणत्या महिन्यात, कोणत्या इमारतीवर, कोणत्या ठेकेदाराकडे, काय काम केले. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या वंदनेनंतर, आपल्या शिकलेल्या मुलांनी ते लिहून घ्यावे. न्यायालयाने कारखान्यास जी चाळीस वर्षांची नोंद ठेवावयास सांगितली, ती आपल्यासाठी कोणी ठेवीत नाही. तर आपण ठेवू. मुलांना आपण शिकविले ते कशासाठी? बापाचे नाव नीट लिहिता यावे, एवढ्यासाठी तरी नक्कीच.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण पाणी मागितले, मुखवटा मागितला, तर मुकादम उद्या दुसऱ्यास बोलावील, मग चूल कशी पेटेल? हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. एकट्याने मागितले तर असेच होईल. मेलेली गुरे ओढण्याचे काम एका घराने सोडले असते तर ते घर उपाशी मेले असते. सगळ्या वाड्याने सोडले म्हणून ते सुटले. नाक्यावरचे पंचवीस जण एका तोंडाने पाणी मागतील तर मुकादम टँकर आणील. त्याला इमारत पाडावयाची आहे.

आपली दुसरी बाजू

आता एक कटू गोष्ट सांगून मी संपवितो. आपण केवळ पाडणारे राहिलो नाही. पाडून घेणारेही झालो आहोत. आपल्या चाळींचा पुनर्विकास होत आहे. आपण संस्थेचे सभासद आहोत, काही पदाधिकारी आहेत. आपल्यातील काही मुकादम झाले, काही ठेकेदार झाले. याचा मला आनंद आहे. परंतु आपली चाळ पाडावयास जे येतील ते कोण असतील? मराठवाड्यातील दुष्काळातून आलेले, बिहार-झारखंडातून आलेले, बहुधा आपल्यासारखेच तळाचे. नव्या घराच्या चावीची वाट पाहताना, त्यांच्या छातीत काय जाते हे आपण विचारणार आहोत काय? इमारत पाडण्यापूर्वी तीत ॲस्बेस्टॉस कोठे आहे याची पाहणी व्हावी, तो प्रथम ओला करून अखंड काढावा, मजुरांना मुखवटे व आंघोळीची सोय असावी, ही अट करारात घाला. इतकी वर्षे आपण अटी ऐकत आलो. आता अट घालण्याची पाळी आपली आहे, आणि ती आपल्या फायद्यापुरतीच घातली तर आपण काय शिकलो?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी धन्याची कर्तव्ये सांगितली आहेत : सेवकास त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, चांगलेचुंगले त्याच्याबरोबर वाटून खावे, आणि वेळेवर विश्रांती द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कामगार संहिता आहे. विनयपिटकात दुसरी एक कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहात नव्हते, कारण तो त्यांच्या कोणत्याच उपयोगी पडत नव्हता. भगवंतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले व दोघांनी मिळून त्यास स्वतःच्या हातांनी धुतले. आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे संघास बजावले.

आपल्या गल्लीत असा एखादा माणूस असेलच. त्याने आयुष्यभर भिंती फोडल्या. आता त्याला जिना चढवत नाही, व तो कोणाच्या उपयोगाचा नाही. आजची वंदना झाल्यावर घरी जाताना त्याच्या दारी थांबा. त्याने कोठे कोठे काम केले ते विचारा, आणि वहीचे पहिले पान त्याच्या नावाने लिहा.

नमो बुद्धाय. जय भीम.